रशियन जनतेची ‘संमती’

रशियाचे अध्यक्ष व्लादिमीर पुतिन यांनी २१ फेब्रुवारी २०२३ रोजी आपल्या संसदेपुढे केलेल्या भाषणात, युक्रेनमधील कारवाईस देशातील बहुसंख्य जनतेचा पाठिंबा आहे, असे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. पुढे मार्च २०२४ च्या निवडणुकीत त्यांस ८७ टक्के मते पडल्याचे जाहीर झाले, तेव्हा तर क्रेमलिनच्या दृष्टीने या दाव्यावर शिक्कामोर्तबच झाले. युद्धाच्या न्यायान्यायाचा प्रश्न आम्ही क्षणभर बाजूस ठेवतो. जनता आपल्या पाठीशी आहे हे पुतिन यांना कळले कसे, एवढेच आम्हांस विचारावयाचे आहे.

युद्ध सुरू होऊन दहा दिवसही लोटले नव्हते, तोच ४ मार्च २०२२ रोजी, सैन्याविषयी ‘खोटी माहिती’ पसरविणाऱ्यास पंधरा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद करणारा कायदा तेथे संमत झाला. युद्धास युद्ध म्हणणेही धोक्याचे ठरले. त्याचे सरकारी नाव ‘विशेष लष्करी मोहीम’! कोरा कागद हाती धरून रस्त्यावर उभे राहिलेल्यांनाही पोलिसांनी पकडून नेले. कोऱ्या कागदावर कोणती खोटी माहिती असते, ते त्या पोलिसांनाच ठाऊक. अलेक्सेई गोरिनोव्ह हे मॉस्कोच्या एका प्रभागाचे लोकनियुक्त सभासद. मुलांच्या चित्रकलास्पर्धेचा विषय सभेपुढे आला असता, युक्रेनमध्ये मुले मरत आहेत, अशा वेळी स्पर्धा कसल्या भरविता, असे ते म्हणाले. जुलै २०२२ मध्ये त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात तीन वर्षांची.

आम्ही पूर्वी शिक्षकी पेशात होतो. हातात छडी घेऊन ‘समजले ना?’ असे विचारणाऱ्या मास्तरांना सारा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. त्या ‘हो’वरून मुलांना गणित किती आले याचा अंदाज कोणताही शहाणा शिक्षक बांधीत नाही.

रशियात या युद्धाचे खरे समर्थक नाहीतच, असे आमचे म्हणणे नाही. ते आहेत, आणि त्यांची संख्या थोडी नसावी. लेवादा या स्वतंत्र संस्थेच्या पाहण्यांतही सैन्याच्या कारवाईस अनुकूल असणारे सत्तर टक्क्यांच्या वर भरतात. पण त्याच संस्थेने ‘लढाई चालू ठेवावी की वाटाघाटी कराव्यात?’ असे विचारले, तेव्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये निम्म्याहून अधिक लोकांनी वाटाघाटींच्या बाजूने कौल दिला. पहिला आकडा सांगावयाचा आणि दुसरा गिळावयाचा, ही कोणती रीत?

शब्दांपेक्षा माणसांची पावले अधिक खरे बोलतात. २१ सप्टेंबर २०२२ रोजी तीन लाख राखीव सैनिकांच्या भरतीचा हुकूम सुटला, आणि पुढील दोनच आठवड्यांत दोन लाखांहून अधिक रशियन नागरिक एकट्या कझाकस्तानात दाखल झाले. जुलै २०२४ मध्ये मॉस्को शहराने सैन्यात नाव नोंदविणाऱ्यास एकोणीस लाख रूबल देऊ केले. ज्या युद्धामागे राष्ट्र मनापासून उभे आहे, त्यासाठी शिपाई मिळविण्यास एवढी थैली मोकळी सोडावी लागते, हे आम्हांस तरी चमत्कारिक वाटते.

राहता राहिली ती निवडणूक. युद्ध ही चूक आहे असे उघड म्हणणारे बोरिस नादेझ्दिन उमेदवारीसाठी पुढे आले, तेव्हा त्यांच्या अर्जावर सही करण्यासाठी जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत लोकांनी रांगा लावल्या. आवश्यक त्या एक लाखाहून अधिक सह्या त्यांनी सादर केल्या. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक आयोगाने त्यांतील हजारो सह्या सदोष ठरवून त्यांचा अर्ज फेटाळला. मतपत्रिकेवर चार नावे छापली गेली. युद्ध चूक आहे असे म्हणणारा त्यांत कोणी नव्हता. ८७ टक्के हा आकडा त्या मतपत्रिकेचा आहे.