लंगोटांचा हिशेब



पाळणा हलला की घरात दोन खर्च नव्याने सुरू होतात. एक औषधपाण्याचा आणि दुसरा, अलीकडच्या काळात, डायपरचा. पहिल्याबद्दल कोणाची तक्रार नाही. दुसऱ्याचा हिशेब मात्र आम्ही आमच्या कारकुनी सवयीने मांडून पाहिला. एक डायपर साधारण १० रुपयांचा धरू. दिवसरात्र मिळून ४ लागले तर ४० रुपये, महिन्याचे १२०० रुपये. मूल दोन वर्षे डायपरमध्ये राहिले तर २८ हजार ८०० रुपये. ज्या घरात महिना १५ हजार येतात, त्या घराची जवळजवळ दोन महिन्यांची कमाई कचऱ्याच्या डब्यात गेली!

आपल्या आया-आज्यांनी हा खर्च केला नाही. जुन्या लुगड्याची दुपटी, धोतराचे लंगोट, एवढ्यावर चार-चार मुले वाढली. याचा अर्थ आम्ही जुन्याचे गोडवे गातो आहोत असे कृपया समजू नये. जुना काळ आपल्या लोकांना कसा होता हे आपल्याला कोणी सांगायला नको. पण गरिबीमुळे करावी लागलेली प्रत्येक गोष्ट टाकाऊच असते असेही नाही. सुती लंगोट ही त्यातली चांगली गोष्ट आहे, आणि थोडी अक्कल लावली तर ती आणखी चांगली करता येते.

सर्वात आधी कापड. दुकानात पांढरे, मऊ दिसणारे कापड बरेचदा टेरिकॉटचे निघते. ते पाणी पीत नाही, मूल ओलेच राहते. ओळखायचे कसे? कापडाचा एक धागा काढून सांभाळून जाळावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची बारीक राख होते. मिसळीच्या धाग्याला शेवटी कडक गाठ येते. हल्ली ‘बांबूचे नैसर्गिक कापड’ म्हणूनही महाग माल खपवतात. ते कापड बहुतेक करून बांबूचा लगदा रसायनात विरघळवून काढलेल्या धाग्याचे, म्हणजे व्हिस्कोसचेच असते. त्याच्या नादी लागू नये. आपला मांजरपाट, मलमल, जुनी सुती साडी, बाबांचे विटलेले धोतर आणि सुती बनियन एवढे साहित्य पुरे.

नवा मांजरपाट आणला की लगेच शिवायला बसू नये. कापसाच्या धाग्यावर निसर्गतः मेणाचा पातळ थर असतो आणि विणताना खळ लावलेली असते. म्हणून नव्या कापडावर पाण्याचा थेंब टाकला तर तो मण्यासारखा वर उभा राहतो. कापड साबणाच्या पाण्यात अर्धा तास उकळावे, खळखळून धुवावे, आणि असे दोन-तीन वेळा करावे. मग टाकलेला थेंब झटकन आत मुरतो. या उकळण्यात कापड आटते, म्हणून मीटरमागे दहा सेंटिमीटर जास्तच घ्यावे. जुन्या साडीला मात्र ही कसरत लागत नाही. वर्षानुवर्षे धुऊन ती आधीच तयार झालेली असते.

आता बेतणी. पन्हा ९० सेंटिमीटर असेल तर एका मीटरमध्ये ४५ सेंटिमीटरचे चार चौकोन बसतात आणि १० सेंटिमीटरची पट्टी उरते. प्रत्येक चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून दुमडला की दुहेरी त्रिकोणी लंगोट झाला. उरलेल्या पट्टीच्या लांबीत चार चिंधोट्या कापून प्रत्येकीचे दोन तुकडे करा. आठ नाड्या झाल्या, एका लंगोटाला दोन. एक चिंधीही वाया जात नाही! आटल्यामुळे चौकोन एक-दोन सेंटिमीटर कमी भरला तरी नवजात बाळाला पुरतो. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवावी, आतली बाजू गुळगुळीत असावी. सेफ्टी पिन नकोच. नाडी पोटावर करकचून आवळू नये, आणि लंगोट लावताना बाळाचे पाय ओढून सरळ जोडू नयेत. खुब्याचे सांधे नीट वाढायला ते बेडकासारखे फाकलेलेच राहू द्यावेत.

असे किती लागतील? तान्हे बाळ दिवसातून सहा-आठ वेळा तरी शू करते, शी वेगळी. म्हणजे दोन डझन तर हाताशी हवेतच, पावसाळ्यात अडीच डझन.

मूल चालायला लागले की लंगोट टिकत नाही. तेव्हा शिकाऊ चड्डी शिवावी. ती कोणी फारशी शिवत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बाळाला नीट बसणारी एक चड्डी घ्या, ती कागदावर ठेवून चारी बाजूंनी शिवणीपुरते अंतर सोडून आखा. बाहेरून जुन्या सुती टी-शर्टचे कापड. आत पुढून मागेपर्यंत जाणारी, साधारण १२ सेंटिमीटर रुंद आणि मध्ये थोडी निमुळती गादी, जुन्या साडीच्या चार घड्यांची. खरी मेख इथे आहे. ही गादी चारी बाजूंनी शिवून टाकू नका. फक्त पुढची आणि मागची टोके चड्डीला जोडा, दोन्ही कडा मोकळ्या ठेवा. म्हणजे वाळत घालताना मधून वारा जातो. सगळे शिवून टाकलेली जाड चड्डी श्रावणात दोन दिवस वाळत नाही, आणि मग तिला कुबट वास येतो. कमरेचे इलॅस्टिक इतके सैल असावे की दोन बोटे सहज जातील आणि मुलाला स्वतःच्या हाताने चड्डी खाली करता येईल. मूल दीड-दोन वर्षांचे झाले, ओले झाल्याचे खुणेने सांगू लागले की सुरुवात करावी. ही चड्डी सगळे पाणी गिळत नाही, मुलाला ओले लागते. लागू द्यावे. ओले लागले की ते सांगते, सांगितले की मोरीत न्यावे. चुकले म्हणून रागावू नये. काही मुलांना तीन वर्षे लागतात.

“हे सगळे ठीक, पण धुवायला वेळ कुणाला आहे?” असे आमच्या ओळखीच्या एका सूनबाईंनी विचारले. त्या सकाळी आठला घराबाहेर पडतात, नळाला पाणी तासभर. प्रश्न रास्त आहे आणि त्याला खोटे उत्तर देण्यात अर्थ नाही. पाळणाघरात, प्रवासात, रात्री डायपर वापरणाऱ्या आईला आम्ही नावे ठेवणार नाही. दिवसा घरी असताना जरी कापड वापरले तरी निम्मा खर्च वाचतो. पण धुण्याचे म्हणाल, तर ते सूनबाईंनीच का धुवावेत? बाप घरात असतो ना? आपल्या सभांतून स्त्री-पुरुष समानतेवर टाळ्या घेणाऱ्या बांधवांनी सकाळी अर्धी बादली लंगोट धुतले तर बिघडणार काही नाही. रीत सोपी आहे. शी आधी संडासात टाकावी, लंगोट थंड पाण्यात खळबळावेत, मग कडक पाण्यात साबण लावून धुवावेत आणि उन्हात टाकावेत. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव्य घालू नये. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि कापड पुन्हा पाणी पीत नाही.

डायपर धुवावा लागत नाही हे खरे. पण त्यातली घाण नाहीशी होत नाही, ती दुसऱ्याच्या हाताला लागते. तो हात कुणाचा? पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या कचरावेचक सभासदांत बहुसंख्य दलित बायका. २००८ पासून त्यांच्यापैकी कित्येकजणी ‘स्वच्छ’ या स्वतःच्या सहकारी संस्थेतर्फे घरोघरचा कचरा गोळा करू लागल्या. त्यांना वर्गीकरण करताना वापरलेले पॅड आणि डायपर उघड्या हाताने निवडावे लागत. म्हणून त्यांनी मागणी केली की हा कचरा कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून पाहावा लागणार नाही. २०१६ साली केंद्र सरकारने केलेल्या घनकचऱ्याच्या नियमांतही डायपर नीट गुंडाळून देण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर टाकली होती, आणि त्यासाठी पिशवी पुरवण्याची उत्पादकांवर. ज्या दिवशी डायपर वापराल त्या दिवशी एवढे तरी करा. जुने वर्तमानपत्र आणि लाल पेन घरात असतेच. त्या गाडीमागे चालणारी बाई बहुधा आपल्याच वस्तीतली असते.

पर्यावरणाचे म्हणाल, तर कापड नेहमीच सरस असे आम्ही डोळे झाकून म्हणत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ साली दोन्हींची तुलना केली तेव्हा हवामानावरचा भार जवळपास सारखाच निघाला. पण मशीन भरून धुणे, बाहेर दोरीवर वाळवणे आणि तेच कापड दुसऱ्या मुलाला वापरणे, यांनी कापडाचा भार सुमारे ४० टक्क्यांनी उतरतो असेही त्यात आढळले. दोरीवर वाळवणे आणि धाकट्याला वापरणे! चाळीतल्या बाईला हे सांगायला लंडनहून कोणी यायला नको होते.

धाकट्यासाठी लंगोट ठेवताना मात्र एक खबरदारी घ्या. ट्रंकेत डांबरगोळ्या टाकू नका. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे द्रव्य जन्मतः कमी असते. अशा नवजात बाळाच्या अंगाला डांबरगोळीचा वास लागलेले कपडे आले तर रक्तातील तांबड्या पेशी फुटून जिवावर बेतणारी कावीळ होऊ शकते. कुणाच्या बाळात ही उणीव आहे ते तपासल्याशिवाय कळत नाही. कडुनिंबाचा वाळलेला पाला फडक्यात बांधून ठेवावा, आणि दुसऱ्यांकडून जुने लंगोट-झबली आली असतील तर ती वास पूर्ण जाईपर्यंत धुऊन, उन्हे दाखवूनच बाळाला घालावीत.