नाव कोणी द्यायचे?

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळा शिवारात, ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. काटकोनात मांडलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून लेसर किरण खेळवून कृष्णविवरांच्या टकरींचा माग काढण्याचे काम येथे सुरू झाले, की अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील वेधशाळांशी औंढ्याचा संबंध रोजचा होईल. ज्या आंतरराष्ट्रीय समूहाने १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर टिपली, त्यातील एक अग्रणी शास्त्रज्ञ म्हणजे लाहोरला जन्मलेल्या आणि कराचीत वाढलेल्या, पारशी कुटुंबातील नर्गिस मवालवाला. आपण समलिंगी आहोत हे त्यांनी दडवून ठेवले नाही, आणि २०२० मध्ये त्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या जगन्मान्य संस्थेत विज्ञान शाखेच्या अधिष्ठाता झाल्या. अशा समूहाची ये-जा सुरू होण्याआधी, जिल्ह्यातील महाविद्यालयांत आजच शिकत असलेल्या समलिंगी आणि पारलिंगी मुलामुलींना आवारात कोणाचा आधार आहे, हे विचारणे या दिवाळी अंकाच्या आरंभी अगत्याचे वाटते.

‘एलजीबीटी’ या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात. एक म्हणजे लैंगिक कल, म्हणजे एखाद्या व्यक्तीला पुरुषाबद्दल ओढ वाटते, स्त्रीबद्दल वाटते की दोघांबद्दल. समलिंगी स्त्री-पुरुष आणि उभयलैंगिक व्यक्ती यांचा विचार या अंगाने होतो. दुसरी म्हणजे लिंगभाव, म्हणजे ती व्यक्ती स्वतःला स्त्री मानते, पुरुष मानते की या दोहोंपलीकडची. जन्माच्या वेळी नोंदलेले लिंग आणि हा भाव जुळत नाही, त्या व्यक्तीला पारलिंगी म्हणतात. समलिंगी मुलाची अडचण वसतिगृहातील टवाळीतून सुरू होते, तर पारलिंगी मुलीची अडचण प्रवेश अर्जावरील नावापासून आणि स्वच्छतागृहाच्या दारापासून सुरू होते, म्हणून एकाच उपायाने दोघांचे भागत नाही.

विद्यापीठाच्या आवारात असा आधार पहिल्यांदा कसा उभा राहिला, याचा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील इतिहास बारकाईने पाहण्याजोगा आहे. रॉबर्ट मार्टिन या विद्यार्थ्याने, स्टीफन डोनाल्डसन हे टोपणनाव घेऊन, १९६६ मध्ये तेथे ‘स्टुडंट होमोफाइल लीग’ या संघटनेची जुळवाजुळव सुरू केली, तेव्हा मान्यतेसाठी विद्यापीठाने सभासदांची यादी मागितली. ज्यांच्यासाठी संघटना काढायची त्यांची नावे यादीत आली असती, तर घर, शिक्षण आणि पुढची नोकरी असे सारेच पणाला लागले असते. तोडगा असा निघाला, की आवारातील नामवंत विद्यार्थी नेत्यांनी केवळ कागदापुरते सभासद होऊन आपली नावे दिली, आणि एप्रिल १९६७ मध्ये संघटनेला मान्यता मिळाली. ज्याला गमवायचे सर्वाधिक आहे त्याच्याकडे नाव मागू नये. ज्याचे फारसे काही जात नाही त्याने आपले नाव पुढे करावे, हा या घटनेतील विचार या विषयावरच्या कितीतरी परिसंवादांहून मोलाचा आहे. पुढे १९७१ मध्ये मिशिगन विद्यापीठाने याच कामासाठी स्वतंत्र कार्यालय उघडले, म्हणजे विद्यार्थ्यांनी पेललेला भार संस्थेने अंगावर घेतला.

महाराष्ट्रात पवईच्या आयआयटीमध्ये २०११ पासून ‘साथी’ हा विद्यार्थी गट काम करतो, आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने वसतिगृहाचा एक भाग लिंगनिरपेक्ष केला, म्हणजे तेथे खोली मिळण्यासाठी स्त्री किंवा पुरुष असल्याची अट उरली नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ विरुद्धच्या लढ्यात २०१८ मध्ये देशभरातील आयआयटींच्या वीस आजी-माजी विद्यार्थ्यांनी सर्वोच्च न्यायालयात स्वतःच्या नावाने याचिका दाखल केली. संमतीने ठेवलेले समलिंगी संबंध तेव्हा गुन्हा होते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयाने ते गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. त्या वीसजणांचे धैर्य मोठे, परंतु नामांकित संस्थेची पदवी आणि समविचारी मित्रांची सोबत त्यांच्या पाठीशी होती, हे विसरून सेनगाव किंवा कळमनुरीच्या विद्यार्थ्याकडून तशाच धैर्याची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. या विद्यार्थ्याचे शिक्षण मराठीत झालेले असते, शहरी गटांची चर्चा बहुधा इंग्रजीत चालते, आणि त्यातच जात, शेती, शिष्यवृत्ती यांची ओझी असतात. विजय तेंडुलकरांनी १९८१ मध्ये ‘मित्राची गोष्ट’ या नाटकातून महाविद्यालयात शिकणारी समलिंगी तरुणी मराठी रंगभूमीवर आणली. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टने २००२ पासून या विषयावर मराठीतून काम उभे केले. म्हणजे भाषा तयार आहे. ती तालुक्याच्या महाविद्यालयापर्यंत पोहोचलेली नाही.

कायद्याचे बळही तयार आहे, आणि ते दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात येऊन जाते. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक दोघांनाही रॅगिंगविरोधी हमीपत्र भरून द्यावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत केलेल्या दुरुस्तीनुसार, लैंगिक कल किंवा पारलिंगी असणे यांवरून एखाद्याचा छळ करणे, त्याला चिडवणे वा वाळीत टाकणे हे रॅगिंगच ठरते. तरीही हमीपत्रावर घाईघाईने सही होते, पालकाचा मोबाइल क्रमांक लिहिला जातो आणि कागद फायलीत जातो; हे कलम कोणी मोठ्याने वाचून दाखवत नाही. ते वाचून दाखवायला निधी लागत नाही, नवी समिती लागत नाही, आणि वर्गातील कोणा विद्यार्थ्याला स्वतःविषयी काही सांगावेही लागत नाही. पारलिंगी व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखीचे प्रमाणपत्र मिळण्याची सोय २०१९ च्या कायद्याने केली, आणि त्याच्या आधारे गुणपत्रिकेवरील नाव बदलण्याचा अर्ज कसा करायचा हे कार्यालयातील एका लिपिकाला पक्के ठाऊक असले, तरी एखाद्या मुलीचे वर्ष वाचू शकते.

या साऱ्यात एक काळ सर्वांच्या नजरेतून सुटतो, आणि तो नेमका दिवाळीचा आहे. सुट्टी लागली की वसतिगृहे रिकामी होतात, आवारातील गट पांगतात आणि पुण्या-मुंबईला, नांदेडला शिकणारी मुले हिंगोलीच्या गाड्या धरतात. तुळशीचे लग्न लागले की घरोघर स्थळांच्या गोष्टी सुरू होतात, आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलीला पाहुण्यांसमोर बसवले जाते. ज्या मुलाने वा मुलीने धीर करून घरी खरे सांगितले, त्यांना ‘बरे’ करण्यासाठी कधी बाबाकडे, कधी डॉक्टरकडे नेले जाते. समलिंगी असणे हा आजार नाही, आणि तो कल बदलण्याचा दावा करून उपचार करणे हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे, हे त्या वेळी आईवडिलांना सांगणारे ओळखीचे माणूस जवळपास नसते. आधाराची गरज ज्या तीन आठवड्यांत सर्वाधिक असते, त्याच आठवड्यांत आधार देणारी दारे बंद असतात.

म्हणून दिवाळीनंतर दुसरे सत्र सुरू होईल तेव्हा जिल्ह्यातील प्रत्येक महाविद्यालयाने रॅगिंगविरोधी समितीच्या फलकावर, लैंगिक कल किंवा लिंगभाव यांविषयी विश्वासाने बोलता येईल अशा दोन प्राध्यापकांची नावे, शक्यतो एक स्त्री व एक पुरुष, त्यांच्या संमतीने लिहावीत. भेटायला येणाऱ्याची नोंद ठेवू नये. आणि या प्राध्यापकांचा दूरध्वनी सुट्टीतही उचलला जाईल, हे त्याच फलकावर स्पष्ट लिहावे.