प्रवेशाच्या दारात विद्यापीठ कोठे आहे?

बारावीचा निकाल जाहीर झाला की मुंबई विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील असंख्य घरांत आनंदाच्या पाठोपाठ चिंता प्रवेश करते. विज्ञान, वाणिज्य आणि कला शाखांच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी प्रथम वर्षाला प्रवेश मिळवणे ही आज एखाद्या व्रतासारखी कठोर गोष्ट झाली आहे. गुणपत्रिकेतील टक्के किती, यापेक्षा कोणत्या महाविद्यालयाची यादी कधी लागणार, शुल्क भरण्याची मुदत कधी संपणार आणि राखीव कोट्यांनंतर जागा किती उरणार, याच हिशेबात पालकांचे दिवस सरतात. हा सारा खटाटोप ज्याच्या नावाने चालतो, ते विद्यापीठ या प्रक्रियेत नेमके कोठे असते? हा प्रश्न विचारण्याची वेळ आता आली आहे.

मुंबई विद्यापीठ ही काही सामान्य संस्था नव्हे. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे जी तीन विद्यापीठे स्थापन झाली, त्यांपैकी हे एक. १८६२ मध्ये त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. आज मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सात जिल्ह्यांत त्याचा विस्तार आहे आणि आठशेहून अधिक महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. 'विद्येचे फळ शील व सदाचार' या अर्थाचे ब्रीद मिरवणाऱ्या या विद्यापीठाचा वारसा देदीप्यमान आहे, याविषयी दुमत नाही. दुमत आहे ते त्याच्या वर्तमानाविषयी.

जन्मखूण

लंडन विद्यापीठाच्या तत्कालीन धर्तीवर स्थापन झालेली ही विद्यापीठे मुळात परीक्षा घेणारी आणि पदवी देणारी मंडळे होती. शिकवणे आणि विद्यार्थी घेणे हे काम महाविद्यालयांचे. परकीय सत्तेला कारभारासाठी पदवीधर हवे होते. विद्यार्थ्याच्या जडणघडणीची जबाबदारी तिला नको होती. पुढे विद्यापीठाने स्वतःचे अध्यापन विभाग सुरू केले, कालिन्याचे विस्तीर्ण संकुल उभे राहिले, तरी पदवीच्या विद्यार्थ्याशी असलेले विद्यापीठाचे नाते मात्र हॉलतिकीट आणि गुणपत्रिका यांपलीकडे फारसे गेले नाही. परीक्षा हेच ज्याचे मुख्य कार्य, त्याने तेही नीट पार पाडू नये, हे २०१७ मध्ये सर्वांनी पाहिले. पुरेशा तयारीविना उत्तरपत्रिकांच्या संगणकीय तपासणीचा घाट घातला गेला, निकाल कित्येक आठवडे रखडले आणि अखेर त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलपतींना कुलगुरूंना पदावरून दूर करावे लागले. तो प्रमाद सर्वांच्या डोळ्यांसमोर घडला, म्हणून त्याची चर्चा झाली. प्रवेशाच्या वेळची उदासीनता प्रतिवर्षी घडते, म्हणून तिची कोणी दखलही घेत नाही.

एक नोंदणी आणि अनेक दारे

प्रक्रिया कशी चालते ते पाहावे. विद्यार्थ्याने प्रथम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नोंदणी करायची. ती अनिवार्य आहे. परंतु या नोंदणीने जागा मिळत नाही. त्यानंतर हव्या त्या प्रत्येक महाविद्यालयाचा अर्ज स्वतंत्रपणे भरायचा, बहुतेक ठिकाणी त्याचे शुल्क वेगळे. मग प्रत्येक महाविद्यालयाची पहिली, दुसरी आणि तिसरी गुणवत्ता यादी. विद्यापीठ परिपत्रक काढून या याद्यांच्या तारखा ठरवून देते आणि तेथे त्याचे कर्तव्य संपते.

याचा परिणाम काय होतो? नव्वद टक्क्यांच्या वरचा एकच विद्यार्थी पाच-सहा महाविद्यालयांच्या पहिल्या यादीत झळकतो. तो प्रवेश घेणार एकाच ठिकाणी. पण तो निर्णय होईपर्यंत उरलेल्या सर्व याद्यांत त्याचे नाव एक जागा अडवून बसते. पहिल्या यादीची टक्केवारी त्यामुळे फुगते. वृत्तपत्रांत मथळे झळकतात, पालकांचा धीर सुटतो. पंचाहत्तर-ऐंशी टक्क्यांचा विद्यार्थी घाबरून स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमाचे भरमसाट शुल्क भरून मोकळा होतो. पुढे तिसऱ्या यादीत त्याच्या पसंतीची अनुदानित जागा रिकामी होते, तेव्हा त्याचे पैसे अडकलेले असतात. ही टंचाई सर्वस्वी खरी नसते. तिचा काही भाग प्रक्रियेनेच निर्माण केलेला असतो.

त्यात भर कोट्यांची. कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले असेल, तर तेथील विद्यार्थ्यांना प्रथम प्राधान्य. म्हणजे दहावीच्या गुणांवर पंधराव्या-सोळाव्या वर्षी ज्याला अकरावीत जागा मिळाली, त्याची पदवीची जागाही जवळपास निश्चित झाली. बारावीला जिद्दीने अभ्यास करून पुढे आलेल्याने उरल्यासुरल्या जागांवर समाधान मानायचे. त्याखेरीज व्यवस्थापन कोटा आणि अल्पसंख्याक संस्थांमध्ये त्या समाजासाठी निम्म्यापर्यंत जागा. आपल्या समाजासाठी कष्टाने संस्था उभारणाऱ्यांचा हेवा करण्याचे कारण नाही. ते कार्य वंदनीयच आहे. परंतु २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाप्रमाणे धार्मिक वा भाषिक अल्पसंख्याकत्व राज्यनिहाय ठरते, तेव्हा मुंबईसारख्या बहुभाषिक नगरीत त्याचा पसारा केवढा होतो, हे ध्यानात घ्यावे लागते. २००५ च्या त्र्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने प्रवेशातील सामाजिक आरक्षणाची तरतूद करताना अल्पसंख्याक संस्थांना वगळले. साहजिकच वाड्या-पाड्यांतून येणाऱ्या मागास समाजातील विद्यार्थ्यासाठी कित्येक नामवंत दारे अधिकच अरुंद होतात. त्या कोट्यातील किती जागा भरल्या, किती रिकाम्या राहिल्या आणि त्यांचे पुढे काय झाले, हे सर्वांना एका ठिकाणी, एका दृष्टिक्षेपात दिसू नये, याचे समर्थन कोणत्या तत्त्वाने करणार?

रत्नागिरीच्या मुलाने काय करावे?

भांडारकरांचे शालेय शिक्षण रत्नागिरीत झाले. तेथून ते मुंबईस आले, एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि पुढे याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आज रत्नागिरीचा वा सावंतवाडीचा एखादा बुद्धिमान मुलगा मुंबईत शिकू इच्छितो, तेव्हा त्याच्यापुढे काय वाढून ठेवले आहे? अनेक संकेतस्थळे, बहुतांश इंग्रजीतील सूचना, प्रत्येक यादीनंतर दोन-चार दिवसांची मुदत, मूळ कागदपत्रांसह प्रत्यक्ष उपस्थितीचा आग्रह आणि वसतिगृहाची वानवा. मुंबईत काका-मामा असतील तर धडगत. नसतील तर स्वप्न आवरते घ्यायचे. विद्यापीठाची उपकेंद्रे रत्नागिरीत आणि सिंधुदुर्गात आहेत. प्रवेशाच्या काळात त्यांनी मदतकेंद्र म्हणून अहोरात्र उघडे राहावे, एवढी अपेक्षाही फार आहे काय?

अशक्य काय आहे?

'एवढ्या महाविद्यालयांचे प्रवेश एकत्र करणे अशक्य' असे उत्तर हमखास मिळते. ते टिकणारे नाही. अभियांत्रिकीचे केंद्रीभूत प्रवेश याच राज्यात वर्षानुवर्षे होत आहेत. अकरावीची ऑनलाइन केंद्रीय प्रक्रिया मुंबईत २००९ पासून रुळली आणि २०२५ मध्ये ती संपूर्ण राज्यात लागू झाली. दिल्ली विद्यापीठाने २०२२ पासून सुमारे सत्तर हजार जागांचे वाटप एकाच व्यवस्थेतून सुरू केले. तेथे अल्पसंख्याक महाविद्यालयाशी न्यायालयीन वाद झाले, तरी व्यवस्था थांबली नाही.

या प्रक्रियांत दोष नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. २०२५ मध्ये अकरावीचे संकेतस्थळ पहिल्याच दिवशी कोलमडले आणि विद्यार्थ्यांना मनस्ताप झाला. दिल्लीच्या मार्गाने सामाईक प्रवेश परीक्षा लादली, तर शिकवणी वर्गांचेच फावेल आणि बारावीचे वर्ग ओस पडतील, ही भीतीही रास्त आहे. पण परीक्षा आणि वाटप या दोन भिन्न गोष्टी आहेत. बारावीच्या गुणांवरच, विद्यार्थ्याचा पसंतीक्रम घेऊन, एका वेळी एकच जागा देणारी यादी लावता येते. त्यासाठी नवी परीक्षा लागत नाही. लागते ती इच्छाशक्ती.

ती कोठे अडते, याचे दर्शन २०२४ मध्ये घडले. व्यवस्थापन आणि संगणक उपयोजनाचे पदवी अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्याने त्यांच्यासाठी सामाईक परीक्षा ठेवली. तेव्हा अनेक महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून 'बी. कॉम. (व्यवस्थापन अभ्यास)' असे केले आणि परीक्षेला वळसा घातला. परीक्षा योग्य की अयोग्य, हा वाद बाजूला ठेवू. प्रश्न असा की, ज्या विद्यापीठाच्या पदवीचे नाव एका हंगामात बदलता येते, त्याला प्रवेशाची पद्धत दशकानुदशके का बदलता येत नाही?

मागणी साधी आहे

अनुदानित आणि विनाअनुदानित सर्व संलग्न महाविद्यालयांसाठी एकच अर्ज आणि एकच शुल्क असावे. अंतर्गत विद्यार्थ्यांच्या प्राधान्याला अकरावीप्रमाणे ठरावीक मर्यादा असावी. प्रत्येक कोट्यातील रिकाम्या जागा दररोज जाहीर व्हाव्यात आणि ठरलेल्या दिवसानंतर त्या गुणवत्तेने भरल्या जाव्यात. सर्व सूचना मराठीत मिळाव्यात. यात महाविद्यालयांच्या स्वायत्ततेवर घाला नाही आणि अल्पसंख्याकांच्या घटनादत्त अधिकारांचा संकोचही नाही. संकोच होईल तो अपारदर्शकतेचा.

अधिसभेच्या निवडणुका येतात आणि जातात. पदवीधरांची मते मागणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो कोणत्याही पक्षाचा वा संघटनेचा असो, मतदारांनी हा प्रश्न विचारावा. ज्या विद्यापीठाचा ठसा आपल्या पदवीवर आयुष्यभर राहतो, त्याने विद्यार्थ्याचे स्वागत पहिल्या दिवशी दारात उभे राहून करावे. दार उघडण्याचे काम दुसऱ्यांवर सोपवून जे केवळ निरोपाच्या वेळी प्रमाणपत्र हाती देते, त्याने आपल्या नावातील 'विद्या' या शब्दाशी आपले नाते तपासून पाहिले पाहिजे.