सोयाबीनची पट्टी, सेलची जाहिरात आणि कार्डाचा फोटो

परभणी : मोंढ्यात सोयाबीन घातलं, आडत्याकडं पट्टी झाली, पैसे खात्यावर आले. नेमक्या याच दिवसांत, दसरा-दिवाळीच्या आगंमागं, मोबाइलवर ऑनलाइन कंपन्यांचे सेल सुरू होतात. जिंतूर, सेलू, मानवतपासून पालम, गंगाखेडपर्यंत चित्र सारखंच आहे. बॅटरीवरचा फवारणी पंप, पोरीला कॉलेजसाठी मोबाइल, घरात मिक्सर, सणाची साडी. कुरिअरवाला आता तालुक्याच्या गावावर थांबत नाही, फाट्यापर्यंत येतो आणि तिथून फोन करतो. खरेदी वाढली यात वावगं काही नाही. मोंढ्याच्या पैशाला वाट फुटणारच. पण तो पैसा कोणत्या दारानं बाहेर जातो आणि ते दार मागून लावलं जातं का, याकडं फार कोणाचं लक्ष नाही.

शहरात माणूस स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या हातानं खरेदी करतो. खेड्यात स्वतः करणारे कमी, करवून घेणारे जास्त. मोबाइलच्या दुकानातला पोरगा, सेवा केंद्रवाला, शेजारचा कॉलेजला जाणारा, नाहीतर पुण्याकडं चाकण-रांजणगावला कंपनीत असलेला पुतण्या, यांच्यापैकी कोणीतरी ऑर्डर टाकून देतो. ‘काका, कार्डाचा फोटो टाका. दोन्ही बाजूंचा.’ काका व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतात. पाच मिनिटांनी पुन्हा फोन, ‘ओटीपी आला का? सांगा.’ काका सांगतात. चार दिवसांनी पार्सल घरी येतं, वस्तू चांगली निघते, आणि विषय संपतो.

विषय संपत नाही. फोटो तिथंच राहतो. कार्डाचे सोळा आकडे, मुदतीचा महिना-वर्ष आणि मागचे तीन आकडे, एवढंच तर ऑनलाइन दुकान विचारतं. हे सगळं आता दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये आहे. तो पोरगा सरळ असेलही, बहुतेक असतोच. पण त्याचा मोबाइल दुरुस्तीला जातो, विकला जातो, हरवतो, घरातल्या इतरांच्या हातात असतो.

आणि त्या कार्डामागं काय आहे? गावाकडच्या माणसाचं खातं बहुतेक एकच. सोयाबीनचे पैसे त्यातच, कापसाचेही त्यातच. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरीचे त्यात येतात, पीकविमा आला तर तोही, अतिवृष्टीचं अनुदानही. बायकोच्या खात्यावर लाडक्या बहिणीचे महिन्याचे १,५०० येतात आणि तिच्या कार्डाचाही फोटो असाच कुणाकडं तरी गेलेला असतो. म्हणजे १,८०० रुपयांच्या पंपासाठी वर्षाचं सगळं उत्पन्न ज्या कुलपात आहे, त्याची किल्ली दाखवून झाली.

घरी ज्वारी मागायला कोणी आलं तर त्याला कणगीपाशी कोणी नेत नाही. पायलीनं मोजून ओट्यावर आणून देतात. कार्डाच्या बाबतीत मात्र सगळे गिऱ्हाइकाला कणगीपर्यंत नेतात.

व्हर्च्युअल कार्ड म्हणजे ही पायली. हे कार्ड प्लास्टिकचं नसतं. बँकेच्या नेट बँकिंगमधून किंवा अ‍ॅपमधून फक्त आकडे मिळतात : कार्ड नंबर, मुदत, तीन आकडे. मूळ कार्डाचा नंबर वेगळा, हा वेगळा. काही व्हर्च्युअल कार्डं कायमची असतात, फक्त ऑनलाइन चालतात आणि हवी तेव्हा बंद करता येतात. काही एकाच खरेदीपुरती असतात. स्टेट बँकेनं आपल्या नेट बँकिंगमध्ये दिलेलं व्हर्च्युअल कार्ड या दुसऱ्या प्रकारचं. किमान १०० आणि कमाल ५०,००० रुपयांचं कार्ड तयार करायचं, ते ४८ तास किंवा एक खरेदी होईपर्यंत चालणार, अशी त्याची रचना. रक्कम आधी खात्यातून कापली जात नाही, नुसती अडवून ठेवली जाते. खरेदी झाली तरच कापली जाते, नाहीतर मोकळी होते.

आता वरचाच प्रसंग पुन्हा घ्या. पंप १,८०० चा आहे. पुतण्याला मूळ कार्डाच्या फोटोऐवजी १,८०० रुपयांचं एका खरेदीचं कार्ड दिलं. त्यानं ऑर्डर टाकली, कार्ड संपलं. तो नंबर नंतर त्याच्या मोबाइलमध्ये राहिला, दुकानाच्या कॉम्प्युटरवर राहिला, चोराच्या हाती लागला, तरी त्या नंबरावर काढायला काही उरलेलं नाही. शहरातल्या जाणकारांसाठीची सोय म्हणून हे कार्ड सांगितलं जातं. खरी गरज दुसऱ्याच्या हातानं खरेदी करणाऱ्याला आहे.

मोबाइलवरच्या गेम आणि व्हिडिओच्या अ‍ॅपना हेच लागू. ‘पहिला महिना फुकट’ म्हणून लेकरं बापाचं कार्ड घालतात आणि पुढं दरमहा पैसे जात राहतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं असे पैसे कापण्याच्या २४ तास आधी कळवावं लागतं. कळवलंही जातं, पण इंग्रजी मेसेज वाचतो कोण? एका खरेदीचं कार्ड असेल तर दुसऱ्या महिन्याला कापायला काही नसतं.

नियम आहेत, सांगणारं कोणी नाही

रिझर्व्ह बँकेनं या बाजूनं काहीच केलं नाही असं म्हणता येणार नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन दुकानांना गिऱ्हाइकाच्या कार्डाचा नंबर स्वतःकडं साठवता येत नाही. त्याऐवजी त्या दुकानापुरता एक वेगळा सांकेतिक नंबर तयार होतो, त्याला टोकन म्हणतात. दुकानाचा डेटा फुटला तरी चोराला मिळतं ते टोकन, आणि ते दुसऱ्या दुकानात चालत नाही. काम मोठं झालं. पण हा नियम दुकानाच्या कॉम्प्युटरसाठी आहे, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोला तो लागू नाही. खोट्या वेबसाइटवर आपल्याच हातानं नंबर भरला, तर तिथंही टोकन आडवं येत नाही.

दुसरा नियम जास्त उपयोगाचा आणि कमी माहितीचा. जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार त्या वर्षीच्या मार्चपासून नवं कार्ड देताना ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालू असतं. ऑनलाइन आणि परदेशी वापर बंद असतो. जुन्या कार्डांपैकी जी कधी ऑनलाइन वापरलीच नव्हती, त्यांचाही ऑनलाइन वापर बंद करायला सांगितलं होतं. खातेदाराला तो हवा तेव्हा चालू-बंद करता यावा, खर्चाची मर्यादा लावता यावी आणि ही सोय अ‍ॅप, नेट बँकिंग, एटीएम, फोन अशा मार्गांनी चोवीस तास मिळावी, असंही त्यात आहे. शाखेतही ती देता येते.

म्हणजे त्यानंतर ज्यांनी कार्ड घेतलं आणि ऑनलाइन वापरलं, त्यांचं कार्ड कोणीतरी मुद्दाम चालू केलेलं आहे. बहुतेक त्याच पुतण्यानं. चालू केलं तसं बंद केलं का, हे ना त्याला आठवतं ना काकांना. चालू करताना ऑनलाइनसोबत परदेशी वापराचं बटणही दाबलं गेलं असेल तर जास्त घोर. देशातल्या दुकानात ओटीपी लागतो, पण अनेक परदेशी वेबसाइटवर नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे गेलेले आहेत.

आता अडचण. व्हर्च्युअल कार्ड सगळ्या बँका देत नाहीत. ज्या देतात त्यांतही नेट बँकिंग किंवा अ‍ॅप चालू असलेल्यालाच ते मिळतं. गावातल्या शेतकऱ्याचं पीककर्ज सोसायटीमार्फत, खातं जिल्हा बँकेत किंवा ग्रामीण बँकेत. काही सहकारी बँकांचं कार्ड तर एटीएम आणि मशीनपुरतंच असतं. ज्याचा पैसा सगळ्यात जास्त एका ठिकाणी आहे, त्याच्याकडंच ही सोय सगळ्यात कमी पोचली. बँकांचे आर्थिक साक्षरतेचे मेळावे होतात, तिथं ‘ओटीपी कोणाला सांगू नका’ एवढं सांगून चहा होतो. मात्र जिथं घरातच एकमेकांना फोनवर ओटीपी सांगून खरेदी चालते, तिथं या सांगण्याचा अर्थ काय राहतो? बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर पोराचा, पोरगा पुण्याला, बाप पैसे काढायला बँकेत. बाप दर वेळी म्हणतो, ‘ओटीपी सांग रे.’ एकदा ही सवय लागली, की ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसानं ओटीपी मागितला तरी त्यात काही वेगळं वाटत नाही.

गरिबाचं व्हर्च्युअल कार्ड

बँक व्हर्च्युअल कार्ड देत नसेल तर त्याचं तत्त्व तरी उचलता येतं. खरेदीचं खातं वेगळं आणि पिकाच्या पैशाचं खातं वेगळं. खरेदीच्या खात्यात हजार-दोन हजारच ठेवायचे, काही घ्यायचं असेल तेव्हा तेवढी भर टाकायची. पिकाच्या खात्याचं कार्ड ऑनलाइनला बंद, परदेशाला बंद, आणि त्याचा फोटो कोणालाच नाही. पीककर्जाच्या खात्यावर मिळालेलं किसान क्रेडिट कार्ड तर या भानगडीपासून दूरच ठेवलेलं बरं. त्यातून गेलेला पैसा आपला नव्हे, कर्जाचा असतो आणि व्याजासह फेडावा लागतो.

दुसरं खातं कुठं उघडायचं? सगळ्यात जवळचा पर्याय पोस्टाचा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक १ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली. पोस्टमन किंवा डाकसेवक घरी येऊन आधारवर खातं उघडून देतो आणि तिच्या अ‍ॅपमधून ऑनलाइन खरेदीसाठी रुपेचं व्हर्च्युअल डेबिट कार्ड मिळतं. पेमेंट्स बँकेत दिवसअखेर २ लाखांच्या वर रक्कम ठेवता येत नाही. खरेदीच्या खात्याला हे बंधन अडचणीचं नाही.

मात्र इथं एक खाचखळगा आहे आणि तो माहीत नसल्यानं लोकांची धावपळ होते. सरकारी अनुदान आधारवर जमा होतं, म्हणजे आधारला शेवटी जी बँक जोडली तिथं ते जातं. नवं खातं उघडताना अनुदानासाठी आधार जोडण्याला संमती दिली गेली, तर पुढचा हप्ता जुन्या खात्यावर न येता नव्या खात्यावर जातो. मग माणूस जुन्या बँकेत पासबुक भरून बघतो आणि हप्ता आलाच नाही म्हणून कृषी कार्यालयाच्या चकरा मारतो. त्यातून ज्या खात्यात थोडे पैसे ठेवायचे ठरलं होतं, नेमक्या त्याच खात्यात अनुदान साठत जातं. म्हणून खातं उघडतानाच सांगायचं, अनुदान जुन्याच बँकेत राहू द्या.

‘फोन पे, गुगल पे असताना कार्डाचं खूळ कशाला?’ असं कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. स्वतःच्या मोबाइलवर स्वतः खरेदी करणाऱ्याला यूपीआयमध्ये कार्डाचा नंबर कुठंच द्यावा लागत नाही. पण यूपीआयही त्याच भरलेल्या खात्याला जोडलेलं असतं. पिन दुकानातल्या पोराला सांगितला की कणगी उघडीच. तेव्हा यूपीआय जोडायचं तेही खरेदीच्या खात्यालाच.

व्हर्च्युअल कार्डानं सगळं भागतं असंही नाही. दुकानच खोटं असेल, ६,००० चा पंप ९९९ ला दाखवून पैसे घेतले आणि काहीच पाठवलं नाही, तर कार्ड कोणतंही असो, ९९९ गेलेच. फरक इतकाच की ९९९ च गेले. व्हॉट्सअ‍ॅपवर पीएम किसानच्या नाहीतर गाडीच्या दंडाच्या नावानं एपीके फाइल येते. ती मोबाइलमध्ये बसवली तर चोर मेसेज परस्पर वाचू शकतो. तिथं व्हर्च्युअल कार्ड काही करू शकत नाही, ती फाइल न उघडणं एवढाच इलाज. आणि वस्तू परत केली तर पैसे ज्या कार्डावरून दिले त्याच वाटेनं मागच्या खात्यात येतात. म्हणून कार्ड संपलं तरी त्याचे शेवटचे चार आकडे आणि ऑर्डर नंबर वहीत लिहून ठेवलेले बरे.

एवढं करूनही पैसे गेलेच तर घड्याळ महत्त्वाचं. १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा आणि बँकेलाही कळवायचं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानं ही मुदत बांधून दिली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही तसंच परिपत्रक निघालं. चूक ना खातेदाराची ना बँकेची, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर खातेदारावर काही भार येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० आणि मूलभूत बचत खात्याला ५,००० रुपयांपर्यंत झळ. त्यापुढं बँकेचं धोरण. ओटीपी किंवा पिन स्वतः सांगितला असेल तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान खातेदाराचं.

हे तीन दिवस मेसेजपासून मोजतात आणि मेसेज जातो तो बँकेत नोंदवलेल्या नंबरावर. तो नंबर पुण्यातल्या पोराचा असेल, रिचार्ज न केल्यानं बंद पडलेला असेल, किंवा खातं उघडलं तेव्हाच्या जुन्या मोबाइलचा असेल, तर पैसे गेल्याचं कळतं ते पासबुक भरायला गेल्यावर. नंबर बदलण्याचा अर्ज शाखेत मिळतो. सोबत आधार आणि पासबुक न्यायचं. त्याच खेपेला कार्डाचा ऑनलाइन आणि परदेशी वापर चालू आहे की बंद, हेही काउंटरवर विचारून घेता येतं.