घरबसल्या कमवा, पण कोणी?

आमच्या गावच्या एस. टी. स्थानकावर पाण्याच्या टाकीला लागून एक लोखंडी खांब आहे. त्यावर जाहिरातींचे इतके थर साचले आहेत की, मूळचा खांब किती जाड होता हे सांगणे आता अवघड. मूळव्याधीवरचा हमखास इलाज, टायपिंगचे वर्ग, जुन्या पुस्तकांची खरेदी, आणि या सर्वांच्या डोक्यावर ठळक अक्षरांत : 'घरबसल्या कमवा'. वडील सांगतात, त्यांच्या विद्यार्थिदशेतही हे शब्द तेथेच होते. तेव्हा पाकिटे चिकटवण्याचे काम मिळत असे आणि 'माहितीसाठी मनिऑर्डरने अमुक रुपये पाठवा' अशी खाली टीप असे. पैसे जात, माहितीपत्रक बहुधा येत नसे, आणि आलेच तर इतरांना असेच कसे गंडवावे एवढीच माहिती त्यात असे.

आता तो खांब आपल्या खिशात आला आहे, आणि रात्री दोन वाजताही तो आपल्याशी बोलतो. फरक एवढाच.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर वसतिगृहातील माझ्या एका खोलीमित्राला व्हॉट्सॲपवर असाच निरोप आला. 'फॉर्म फिलिंग'चे काम. सहा दिवसांत पाचशे फॉर्म. दर फॉर्ममागे तीस रुपये. नोंदणी फी काही नाही. या शेवटच्या शब्दांनीच त्याचा संशय फिटला. फी मागतो तो लबाड, एवढे तर आपण सारेच शिकलो आहोत. त्याने आधार कार्डाचे छायाचित्र पाठवले, पडद्यावर बोटाने सही केली आणि कामाला बसला. फॉर्म म्हणजे पुसट छायाचित्रे. इंग्रजी 'ओ' आहे की शून्य, हे भिंग लावूनही कळू नये. पाच रात्री तो जागला. दोन रात्री मीही शेजारी बसून त्याला मजकूर वाचून दाखवला. सहाव्या दिवशी निकाल लागला : अचूकता नव्वद टक्क्यांहून कमी, सबब मोबदला नाही, उलट करारभंगाबद्दल पाच हजार आठशे रुपये भरावेत.

दुसऱ्या दिवशी 'वकीलसाहेबां'चा फोन आला. कोर्ट, समन्स, पोलीस असे सर्व शब्द उच्चारून झाल्यावर त्यांनी आधार कार्डावरचा गावचा पत्ता सावकाश वाचून दाखवला. मित्राचे आईवडील ऊसतोडीसाठी कारखान्यावर गेलेले. घरी आजी एकटी. नोटीस आजीच्या हाती पडेल, या एका कल्पनेने त्याने मेसचे पैसे भरून टाकले. चार दिवसांनी 'फाइल बंद करण्यासाठी' आणखी चार हजारांची मागणी आली, तेव्हा कोठे त्याने तोंड उघडले.

ही हकिगत मी काही जाणत्या मंडळींना सांगितली. बहुतेकांचे उत्तर एकच : 'लोभ, दुसरे काय! फुकटचा पैसा कोणाला पचला आहे?' या उत्तराशी माझे भांडण आहे, आणि म्हणूनच हा लेख.

पाच रात्री जागून पाचशे फॉर्म भरणाऱ्या मुलाला लोभी म्हणणे हा मराठी भाषेवरच अन्याय आहे. लोभ्याला कष्ट नको असतात. या मुलाने कष्ट केले आणि त्या कष्टांचाच गळ करून त्याला पकडण्यात आले. लॉटरीचे आमिष आळशाला लागते; हे आमिष होतकरूला लागते. म्हणून 'लोभ धरू नका' हा उपदेश येथे निरुपयोगी आहे. ज्याला आपण मेहनतच करीत आहोत असे वाटते, तो स्वतःला लोभी समजून सावध होईल कसा?

त्याला खरा धाक होता तो कायद्याचा, आणि कायदाच त्याला ठाऊक नव्हता. आपला करारविषयक कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे, करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती जशीच्या तशी वसूल करता येत नाही. न्यायालय वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देते, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. ११ व्या कलमाप्रमाणे अज्ञान व्यक्ती करारास पात्रच नाही. आपल्या प्रथम वर्षाच्या वर्गातील सतरा वर्षांच्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. फसवून घेतलेली संमती, ज्याची फसवणूक झाली त्याला रद्द ठरवता येते. आणि ठरलेले काम नीट झाले नाही, एवढ्यावरून कोणाच्या दारात पोलीस येत नाहीत. तो दिवाणी वाद असतो. एवढी चार वाक्ये ठाऊक असती, तर 'वकीलसाहेबां'चा फोन तेथेच संपला असता. स्पर्धा परीक्षेसाठी आपण राज्यघटनेची कलमे पाठ करतो. हे साधे कलम मात्र कोणी कानावर घालत नाही.

दुसरा प्रकार याहून झटपट आहे. टेलिग्रामवरील एखादी 'मॅडम' चित्रफितींना पसंती देण्याचे काम देते आणि पहिल्या दिवशी दीडशे-दोनशे रुपये खरोखरच खात्यात जमा होतात. येथेच माणूस फसतो, कारण पैसे आलेले त्याने डोळ्यांनी पाहिलेले असतात. मग 'मोठे टास्क' येते. त्यासाठी आधी हजार भरायचे, मग पाच हजार, आणि पडद्यावर फुगत गेलेली रक्कम काढायची म्हटले की आणखी 'कर' भरायचा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने असल्या 'पार्ट टाइम' कामाच्या आणि गुंतवणुकीच्या नावाने चालणारी शंभराहून अधिक संकेतस्थळे बंद केली. परंतु संकेतस्थळ बंद होते, धंदा होत नाही. याचीच एक काळी बाजू अशी : 'तुझे बँक खाते वापरू दे, दरमहा भाडे देतो' असे विद्यार्थ्यांना सांगितले जाते. त्या खात्यातून दुसऱ्या कोणाचे तरी लुटलेले पैसे फिरतात, आणि पोलीस येतात ते खातेदाराकडे. येथे मात्र अज्ञानाची सबब चालत नाही.

मग हे सारे थोतांडच म्हणायचे काय? नाही. तसे म्हणणे सोपे आहे. पण ते खरे नाही. जगाच्या एका टोकाला बसून दुसऱ्या टोकाचे काम करावे आणि चोख दाम घ्यावे, अशा खऱ्या पेढ्याही आहेत. ऑस्ट्रेलियातील फ्रीलान्सर ही संस्था २००९ सालची, इस्रायलमधील फायव्हर २०१० सालची. ईलान्स आणि ओडेस्क यांनी २०१३ मध्ये एकत्र यायचे ठरवले आणि २०१५ पासून ती जोडी अपवर्क या नावाने ओळखली जाते. त्यांची रीत अडत्यासारखी आहे. काम ठरले की गिऱ्हाइकाची रक्कम संस्था अडकवून ठेवते. काम पसंत पडले की ती मोकळी होते आणि संस्था आपली अडत कापून घेते. फायव्हर शंभरातले वीस ठेवते. अपवर्कवर कामासाठी अर्ज करण्यासच टोकन खर्चावे लागतात. म्हणजे 'पैसे मागतो तो लबाड' हा नियमही सरसकट चालत नाही. पाहायचे ते हे की, पैसे कशाचे, ते आधी उघड सांगितले आहेत काय, आणि ते घेणारा उद्या सापडेल काय.

खऱ्या बाजारात खिसेकापू नसतात असे मात्र नाही. 'येथे नको, टेलिग्रामवर बोलू' असे गिऱ्हाईक म्हणू लागले की समजावे, तो आपल्याला दिव्याच्या उजेडातून अंधारात नेत आहे. तेथे अडकवून ठेवलेली रक्कम नाही, तक्रारीची सोय नाही. दुसरी युक्ती नमुन्याची. पन्नास पानांचे भाषांतर करून घ्यायचे असते. पन्नास उमेदवारांना एकेक पान 'चाचणी' म्हणून दिले जाते. काम होते, निवड कोणाचीच होत नाही.

येथवर खऱ्याखोट्याचा विचार झाला. परंतु खरे म्हणजे न्याय्य नव्हे, ही गोष्ट आपण विसरतो. ॲमेझॉनने २००५ साली अशाच तुकड्या-तुकड्यांच्या कामाचा बाजार उघडला आणि त्याला नाव दिले 'मेकॅनिकल टर्क'. १७७० मध्ये व्हिएन्नात केम्पेलेन नावाच्या गृहस्थाने बुद्धिबळ खेळणारे एक यंत्र दरबारात दाखवले होते; तुर्की पोशाखातला तो पुतळा भल्याभल्यांना हरवी, आणि त्याच्या पेटीत प्रत्यक्षात एक माणूस दडलेला असे. नाव ठेवणाऱ्याच्या प्रांजळपणाचे कौतुकच केले पाहिजे! आजही यंत्राच्या पोटात माणूसच आहे. तेथे काम देणाऱ्याला केलेले काम नापसंत करून दाम न देण्याची मुभा असते. अपवर्कवर तासाच्या हिशेबाने काम केले, तर दर दहा मिनिटांच्या अवधीत केव्हातरी कामगाराच्या पडद्याचे छायाचित्र निघते. रोजगार हमीच्या कामावर मुकादम हजेरीपट घेऊन उभा असतो. पण त्या मुकादमाला नाव असते आणि त्याच्याशी भांडता येते.

कायदा हळूहळू जागा होत आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे २०२०-२१ मध्ये देशात असे 'गिग' कामगार ७७ लाख होते, आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. तिच्यात या कामगारांचे नाव प्रथमच देशाच्या कायद्यात आले आणि त्यांच्यासाठीच्या निधीत कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यावेत अशी तरतूद झाली. पण व्याख्या वाचा : मालक आणि नोकर या पारंपरिक नात्याच्या बाहेर काम करतो तो गिग कामगार. ज्याला मालकच नाही, त्याने किमान वेतन मागावे कोणाकडे?

तर मग आपण, कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी, काय करावे? 'असल्या नादी लागू नका' हा सल्ला मला पटत नाही. मेसचे बिल नादाने येत नाही. आपल्यापैकी कित्येकांना कमावल्यावाचून शिकता येत नाही, ही वस्तुस्थिती आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली; पुढे त्यांच्या 'कमवा व शिका' योजनेने श्रमाला शिक्षणाच्या शेजारी मानाने बसवले. त्यांच्या मुलाला आपण कोणाच्या शेतात, कोणासाठी राबतो हे दिसत होते. आज तीच गरज घेऊन मुलगा रात्री एकटा फोनपुढे बसतो, आणि समोरचा माणूस त्याला दिसत नाही. एकटेपणा हेच फसवणाऱ्याचे खरे भांडवल आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. महाविद्यालयाने एक वही ठेवावी. ज्याला असे काम आले त्याने त्यात ते लिहावे. ज्याला दाम मिळाले त्याने रक्कम लिहावी, ज्याला मिळाले नाही त्यानेही लिहावे. एक प्राध्यापक, विधी महाविद्यालयातील एखादा विद्यार्थी आणि बँकेतील एखादे अनुभवी गृहस्थ यांनी महिन्यातून एक तास द्यावा. भाषांतर, मुद्रितशोधन, मराठी मजकुराचे टंकन ही आपली कौशल्ये विकाऊ आहेत, आणि त्यांचा दर काय असावा, हे भाषेच्या तासाला कोणीतरी सांगावे. 'आर्ट्सवाल्यांना कोण काम देणार' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे की, कोणी काम देऊ केले की उपकृत होऊन आपण चौकशीच करीत नाही. आणि फसलो तर लाजायचे नाही, १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा. पैसे हातोहात पुढे सरकत असतात, त्यामुळे येथे दिवसापेक्षा तासाला किंमत आहे.

माझ्या मित्राने फोन केला, पण तोवर पाच दिवस उलटले होते. पैसे परत आले नाहीत. आजीला अजून काही ठाऊक नाही. चालू वर्षी त्याने एका खऱ्या पेढीवर एका पाककृतीच्या पुस्तिकेचे मराठी भाषांतर केले. पंधरा डॉलर ठरले होते, अडत वजा जाता बारा हाती पडले. दर कमीच होता, हे आम्हां दोघांनाही ठाऊक आहे. त्याने ती रक्कम माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायला सांगितली. महाविद्यालयाची वही सुरू झाली, तर पहिली नोंद तीच असेल. आणि दुसरी, त्या पाच रात्रींची.

— तृतीय वर्ष, कला (अर्थशास्त्र)