खोक्यावरचे निट्स आणि बांधावरचं ऊन

मार्च 2021 मध्ये रेडमी नोट 10 प्रो भारतात आला. किंमत 15,999 रुपयांपासून आणि स्क्रीनचा पीक ब्राइटनेस 1200 निट्स (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप). जुलै 2024 मध्ये सीएमएफ फोन 1 आला. किंमत तीच, 15,999 पासून, आणि निट्स मात्र 2000. सगळं महाग होत असताना त्याच पैशात दीडपटीहून जास्त उजेड मिळत असेल, तर तक्रार कसली करायची? तक्रार एवढीच, की हे 2000 निट्स आपल्याला रोजच्या वापरात जवळपास कधीच दिसत नाहीत.

दिवाळीच्या तोंडावर ‘वीस हजारांत कोणता फोन घेऊ?’ हा प्रश्न घरोघरी सुरू होतो आणि गाडी कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवरून आता निट्सवर येऊन थांबते. म्हणून आज फक्त स्क्रीनबद्दल बोलू. कॅमेरा आपण दिवसातून काही मिनिटं वापरतो, स्क्रीनकडे मात्र तासन्‌तास बघतो.

एका फोनला खरं तर तीन ब्राइटनेस असतात. पहिला साधा, म्हणजे आपण हाताने पट्टी शेवटपर्यंत सरकवल्यावर मिळणारा. दुसरा उन्हातला. ऑटो ब्राइटनेस चालू असेल आणि फोनच्या सेन्सरला बाहेर कडक उजेड आहे हे कळलं, तर स्क्रीन काही काळ स्वतःला जास्त ताणते. तिसरा पीक, आणि जाहिरातीत छापतात तो हाच. ओएलइडी स्क्रीनमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. सगळे ठिपके एकदम पूर्ण पेटवायचे तर वीज आणि उष्णता दोन्ही हाताबाहेर जातात. म्हणून एचडीआर व्हिडिओमध्ये, बाकी स्क्रीन काळी असताना, एखादा छोटा चमकता तुकडा क्षणभर जेवढा उजळतो तेवढा आकडा पीक म्हणून सांगितला जातो. बाइकच्या मीटरवर 160 छापलंय म्हणून ती बाइक रोज 160 ने धावत नाही, तसंच हे.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण एकाच कंपनीच्या घरात सापडतं. सीएमएफ हा नथिंगनेच सुरू केलेला ब्रँड. नथिंगचा फोन (2ए) मार्च 2024 मध्ये 23,999 रुपयांपासून विकायला आला. त्याचा पीक 1300 निट्स, तर स्वस्त सीएमएफचा 2000. नुसते हे आकडे शेजारी ठेवले तर महाग फोन घेणारा फसला असंच कुणीही म्हणेल. पण तपशिलात उन्हातला ब्राइटनेस बघा: फोन (2ए) 1100 निट्स आणि सीएमएफ 700. दुपारी बारा वाजता रस्त्यावर उभं राहून मेसेज वाचायचा असेल, तर जाहिरातीत मागे पडलेला फोनच पुढे आहे. सीएमएफ वाईट आहे असं नाही, त्या किमतीत तो चांगलाच फोन होता. पण खोक्यावरच्या आकड्याने दोघांचा क्रम उलटा दाखवला.

उन्हाची ताकद आपण कमी समजतो. लक्स या पडणाऱ्या उजेडाच्या मापात घरातल्या दिव्यांखाली उजेड शंभर ते तीनशे असतो, बऱ्या ऑफिसात पाचशेच्या आसपास, आणि भर उन्हात एक लाख लक्सपर्यंत जातो. काचेचा वरचा पृष्ठभाग त्यातला साधारण चार टक्के उजेड परत फेकतो. म्हणजे स्क्रीनला आपला मजकूर दाखवण्याआधी स्वतःच्याच काचेवरच्या या चकाकीवर मात करावी लागते. त्यात आपण दोनशे रुपयांची टफन ग्लास मारून घेतो. ती नीट चिकटलेली नसेल, मधे हवा राहिली असेल, तर परावर्तन आणखी वाढतं. कधी कधी तिची काळी कड सेन्सरवर येते, मग फोनला ऊन आहे हेच कळत नाही आणि ऑटो ब्राइटनेस मंदच राहतो.

महाराष्ट्रात तर उन्हात स्क्रीन वाचता येणं ही गरजेची गोष्ट झाली आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद करायला शेतकरी स्वतः मोबाइल घेऊन बांधावर उभा राहू लागला. गट नंबर निवडायचा, पीक निवडायचं, फोटो काढायचा, आणि हे सगळं उघड्यावर. डिलिव्हरी करणारी मुलं, रिक्षावाले, साइटवरचे सुपरवायझर यांचंही ऑफिस उन्हातच. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे जातो, तेव्हा आणखी एक गंमत होते. फोन तापला की स्वतःला वाचवायला तो ब्राइटनेस खाली आणतो. जेव्हा उजेड सगळ्यात जास्त हवा, नेमका तेव्हाच. त्यामुळे उन्हातली परीक्षा दहा सेकंदांची नको, पाच मिनिटांची हवी.

उन्हाइतकाच अंधारही महत्त्वाचा, पण त्याचा आकडा कुणी छापत नाही. रात्री दिवे घालवून, शेजारी मूल झोपलेलं असताना आपण फोन बघतो तेव्हा प्रश्न उलटा होतो: स्क्रीन किती मंद होऊ शकते? आणि ती मंद कशी होते? बहुतेक ओएलइडी स्क्रीन उजेड कमी करण्यासाठी फार वेगाने उघडझाप करतात, ज्याला पीडब्ल्यूएम म्हणतात. जुन्या कित्येक फोनमध्ये ही उघडझाप सेकंदाला 240 च्या आसपास असायची. डोळ्याला ती थेट दिसत नाही, पण काही लोकांना त्यामुळे डोळे जड होणं, डोकं दुखणं असा त्रास होतो. 2015 मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने एलइडी दिव्यांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत पूर्ण उघडझाप सेकंदाला 1250 पेक्षा जास्त असेल तर धोका कमी, आणि 3000 पेक्षा जास्त असेल तर परिणाम जवळपास नाही, असा हिशोब मिळतो. तो दिव्यांसाठी असला तरी मोजपट्टी म्हणून चालतो. नथिंग (2ए) साठी कंपनी 2160 हर्ट्‌झ सांगते, सीएमएफसाठी 960, म्हणजे सेकंदाला तेवढ्या उघडझापी. ज्याला रात्री वाचायची सवय आहे त्याने हा फरक बघावा. आकडा मिळत नसेल तर फोनचा ब्राइटनेस अगदी कमी करा आणि दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड लावून, शटर 1/2000 ठेवून, स्क्रीनकडे धरा. जाड काळे पट्टे दिसले तर उघडझाप संथ आहे.

आता रेझोल्यूशन. या किमतीत 1080 बाय 2400, म्हणजे फुल एचडी प्लस, हा किमान नियम समजा. साडेसहा इंचांच्या पुढच्या स्क्रीनवर त्यातून इंचाला चारशेच्या आसपास पिक्सेल मिळतात, पुरेसे. पण इथेही एक खाच आहे. बहुतेक ओएलइडीमध्ये प्रत्येक पिक्सेलला तीन नाही, दोनच रंगठिपके असतात. हिरवे पूर्ण, लाल आणि निळे निम्मे. एलसीडीत जिथे सुमारे 78 लाख ठिपके लागले असते, तिथे ओएलइडीत 52 लाखांत काम भागवलेलं असतं. इंग्रजी मजकुरात हे सहसा जाणवत नाही. मराठी वाचकाने मात्र स्वतः तपासावं, कारण आपल्या लिपीत अर्थ बारीकशा फरकावर तोललेला असतो. सातबाऱ्याची पीडीएफ किंवा वर्तमानपत्राचं ई-पान उघडा आणि झूम न करता वाचा. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ वेगळे दिसतात का? अनुस्वार ठसठशीत आहे की शिरोरेघेत विरघळला? रफार आणि उकार ओळखू येतात का? दुकानात चालू असलेल्या डेमो व्हिडिओपेक्षा ही परीक्षा जास्त खरी.

त्या डेमो व्हिडिओवर विश्वास ठेवूच नका. काळ्या पार्श्वभूमीवर पोपट, फुलं, निऑनचे दिवे. ओएलइडीला शोभून दिसेल तेवढंच त्यात निवडलेलं असतं. शिवाय फोन ‘व्हिव्हिड’ मोडमध्ये ठेवलेला असतो, त्यात रंग मुद्दाम भडक केलेले असतात. सिनेमासाठी ते मजेशीर वाटतं, पण ऑनलाइन पैठणी मागवणाऱ्या बाईंना हाच मोड महागात पडतो. स्क्रीनवर दिसलेला राणी रंग पार्सल उघडल्यावर फिका निघतो, आणि दोष विणकराच्या माथी जातो. इंटरनेटवरचे बहुतेक फोटो 1996 च्या एसआरजीबी या रंगप्रमाणासाठी बनवलेले असतात, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन ‘नॅचरल’ किंवा ‘स्टँडर्ड’ मोड निवडा. ‘एक अब्ज रंग’ हा दावाही जपून घ्या. दहा बिटांचा पॅनल 107 कोटी छटा दाखवू शकतो हे गणित बरोबर, पण किती छटा दाखवतो आणि त्या किती खऱ्या दाखवतो हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

120 हर्ट्‌झच्या रीफ्रेश रेटबद्दल थोडक्यात. 60 हर्ट्‌झच्या स्क्रीनवर चित्र दर 16.7 मिलिसेकंदांनी बदलतं, 120 वर 8.3 ने. स्क्रोल करताना फरक नक्की जाणवतो. पण सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचाच असतो, त्याला याचा फारसा उपयोग नाही. आणि प्रोसेसर दमत असेल तर 120 ची स्क्रीनही अडखळते. 90 आणि 120 यांच्यातल्या फरकासाठी हजार रुपये जास्त मोजू नका. ओटीटीवर सिनेमे बघणाऱ्यांनी त्यापेक्षा फोनला वाइडवाइन एल1 हे व्हिडिओच्या कॉपी-संरक्षणाचं प्रमाणपत्र आहे का ते विचारावं. ते नसेल तर स्क्रीन कितीही चांगली असो, नेटफ्लिक्स त्यावर एचडी दाखवणार नाही.

शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही: ही स्क्रीन फुटली तर? ओएलइडी पॅनल हा मध्यम किमतीच्या फोनच्या सगळ्यात महागड्या सुट्या भागांपैकी एक असतो. काही कंपन्या सुट्या भागांचे दर वेबसाइटवर देतात. फोन घेण्याआधी सर्व्हिस सेंटरला फोन करून स्क्रीनचा दर विचारा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, तिथेही कंपन्यांची दुरुस्तीची माहिती बघता येते. पडला-आपटला नसतानाही स्क्रीनवर उभी हिरवी रेष येण्याच्या तक्रारी मधल्या काळात इतक्या वाढल्या, की वनप्लसने डिसेंबर 2024 मध्ये भारतात त्यासाठी आजीवन वॉरंटी जाहीर केली. अशी हमी फोनला मिळत असेल, तर तिची किंमत पाचशे जादा निट्सपेक्षा कितीतरी जास्त.

म्हणून माझा क्रम असा: आधी उन्हातला ब्राइटनेस, मग अंधारातली स्क्रीन, मग मराठी मजकूर, मग बदलण्याचा खर्च. रीफ्रेश रेट त्यानंतर आणि पीक निट्स सगळ्यात शेवटी. दुकानात गेलात की डमी बाजूला ठेवायला सांगा, चालू फोन मागा, ऑटो ब्राइटनेस लावा आणि पाच मिनिटं दुकानाबाहेर उन्हात उभं राहून एक मोठा मराठी मेसेज वाचा. दुकानदार फोन बाहेर नेऊ देत नसेल, तर वाद घालू नका, दुकान बदला.