ढोल किती, एवढंच विचारणार?

२०२४ च्या गणेशोत्सवात पुण्यात वाद कशावर? एका पथकात वादक किती! हरित लवादाने ३० ची मर्यादा घातली, १२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. पथकांचा जीव भांड्यात पडला. पण वाजतं काय, हे कुणी विचारलं का?

ताशेवाल्याला ऐनवेळी काही नवं सुचलं, तर पाच ढोल त्याच्यामागे वळतील. शंभर नाही वळत. मग महिनाभर घोटलेले तेच ते हात. गर्दी दणदणीत, उपज शून्य.

पंडित सुरेश तळवलकरांनी तबला-पखवाजाशेजारी पाश्चात्त्य ड्रम बसवला, आपण टाळ्या वाजवल्या. योग्यच केलं. मग हलगीला, संबळाला ती बैठक का नाही? हलगीवाला वरातीपुढे उन्हात, आणि ‘प्रयोगशील’ म्हणून तिकीट दुसऱ्याच्या कार्यक्रमाला. हा तालाचा नाही, जातीचा प्रश्न आहे. खोटं वाटत असेल तर सांगा.

बालगंधर्व रंगमंदिर महापालिकेचं आहे ना? महिन्यातली एक संध्याकाळ द्या. हलगी, संबळ, ताशा, ड्रम. आधी ठरवलेलं काही नाही, मानधन सगळ्यांना सारखं. ढोल मोजणाऱ्यांनी पुढच्या रांगेत बसावं आणि एकदा नुसतं ऐकावं.